इहिरीत उतरलेला माणूस ओरडत काऊन नाही? ऑक्सिजन कमी पडला की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं काय होते?

धुऱ्यावरचा (दारव्हा)
राम राम मंडळी. उन्हाळा लागला की आमच्या यवतमाळ-वाशिमकडं इहिरीतला गाळ काढायचं काम सुरू होते अन् जवळपास दरसाल पेपरात तीच बातमी येते. गाळ काढायला एक उतरला, तो पडला, त्याले काढायला दुसरा उतरला तोही पडला, मंग तिसरा. कधी बाप-लेक, कधी भाऊ-भाऊ. लोक म्हणतात गॅस लागला, अन् विषय संपला.
पण मले दोन गोष्टी समजून नाही राहिल्या. पाण्यात बुडणारा हातपाय मारते, गळा आवळला तर माणूस तडफडते, मंग इहिरीतला माणूस गुपचूप काऊन बसते? आमच्या शेजारच्या गावातला एक जण वाचला, तो सांगे का मले काहीच वाटलं नाही, उलट हलकं हलकं वाटून राहिलं होतं, मंग डायरेक्ट खाटेवर डोळे उघडले.
दुसरी गोष्ट. परवा वाचलं की ऑक्सिजन कमी झाला का मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंद होतात अन् डोक्याकडं जास्त रक्त जाते. मेंदू एवढी स्वतःची सोय करते तर माणूस वाचत काऊन नाही? कोनी डॉक्टर असन तर सांगा, जरा इस्कटून सांगा. पुढच्या हप्त्यात आमच्या पांदणीवरच्या सामाईक इहिरीचा गाळ काढायचा आहे, म्हणून आत्ताच विचारून राहिलो.

वऱ्हाडी_पोट्टा
पहिला नंबर माझा. आबाजीले फोन लावला तर ते म्हणे कंदील सोडून पाहाव, इझला का समजाव. एवढंच माहीत आहे, बाकी जाणकार येईपर्यंत मी चहा मांडतो.

कडूलिंब
पोट्ट्या, तुझे आबाजी बरोबर सांगतात. आमच्या वेळेस कंदील दोराले बांधून तळापर्यंत सोडायचे, लिंबाच्या डगाली बांधून खालीवर करायचे म्हणजे हवा ढवळली जाते, बादलीभर पाणी वरून जोरात मारायचे. अन् सकाळी ऊन तापायच्या आत कोणी उतरायचं नाही. आता पोरं मोबाईलचा टॉर्च लावून उतरतात, टॉर्चले काय समजते खाली हवा आहे का नाही. माझा एक मैतर असाच गेला, त्याले वीस-पंचवीस वर्षं झाली असतील, अजून त्या इहिरीजवळून जायचं म्हटलं तर पाय जड होतात. धुऱ्यावरचा भाऊ, धागा काढला हे लय चांगलं केलं.

भूलवाला_वर्धा
नमस्कार. मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणजे ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साईड आणि मेंदूचा रक्तपुरवठा हेच रोजचं काम. जरा मोठं लिहितो, सांभाळून घ्या.

आधी पहिला प्रश्न. आपल्याला जो "दम लागतो, जीव घाबरतो" तो मुख्यतः ऑक्सिजन कमी झाल्याने लागत नाही, तो रक्तात कार्बन डायऑक्साईड वाढल्याने लागतो. गळा आवळला किंवा पाण्यात बुडाला की आतला कार्बन डायऑक्साईड बाहेर जात नाही, तो साठतो, आणि मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र आहे ते आरडाओरडा सुरू करतं. पण ज्या विहिरीच्या तळाशी फक्त ऑक्सिजन संपलेला आहे तिथे माणूस मोकळा श्वास घेतो-सोडतो, कार्बन डायऑक्साईड नेहमीसारखा बाहेर पडत राहतो, म्हणून धोक्याची घंटा नीट वाजतच नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ कॅरोटिड बॉडी नावाची बारीक गाठ असते, तिला ऑक्सिजनची कमी कळते, पण तेवढ्याने घुसमट जाणवेलच असं नाही. शिवाय ऑक्सिजन कमी पडला की आधी जाते ती विचारशक्ती. माणसाला बरं वाटतं, हलकं वाटतं, आपण चुकतोय हे कळायची जागाच बंद पडलेली असते. तुमच्या शेजारगावचा माणूस अगदी खरं सांगतोय.

आता वेग बघा. नेहमीच्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. श्वास रोखून धरला तर साधा माणूस अर्धा मिनिट, मिनिटभर सहज राहतो, कारण फुफ्फुसात थोडा साठा असतो. पण ज्या हवेत ऑक्सिजन जवळपास नाहीच, ती आत घेतली तर उलटा प्रकार होतो, रक्तातलाच ऑक्सिजन फुफ्फुसात येतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर जातो. म्हणजे प्रत्येक श्वास साठा रिकामा करतो. दोन-चार श्वासात माणूस आडवा.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण बसल्या जागी शरीराचा जवळपास २० टक्के ऑक्सिजन तो एकटा खातो आणि त्याच्याकडे साठवण म्हणाल तर नाहीच. मिनिटाला पाऊण लिटर रक्त त्याला लागतं. ते पूर्ण थांबलं तर दहाएक सेकंदात शुद्ध जाते आणि चार-पाच मिनिटांत पेशी मरायला लागतात.

रक्तवाहिन्यांचं उद्या लिहितो, ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) बोलावणं आलं.

धुऱ्यावरचा (दारव्हा)
डॉक्टरसाहेब लय उपकार. प्रत्येक श्वास साठा रिकामा करते हे वाचून अंगावर काटा आला. वाट पाहतो.

रसायनवाला
डॉक्टरसाहेबांचा आदर ठेवून एक मुद्दा मांडतो, मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात रसायन शिकवतो. विहिरीतलं प्रत्येक प्रकरण "फक्त ऑक्सिजन कमी" एवढंच नसतं. पालापाचोळा कुजला, माती-मुळं श्वसन करतात, त्यातून कार्बन डायऑक्साईड तयार होतो, तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. तिथे माणसाला दम लागायलाच पाहिजे, मग "घंटा वाजत नाही" हे सगळीकडे कसं लागू होईल? गोबरगॅसच्या टाकीत हायड्रोजन सल्फाईड असतो, तो तर नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो, म्हणून आता वास येत नाही म्हणजे गॅस गेला असं समजणारे मरतात. आणि विहिरीत इंजिन चालवलं असेल तर कार्बन मोनॉक्साईड, त्याला ना रंग ना वास. सगळ्यांना एकाच दोराने बांधू नका.

वऱ्हाडी_पोट्टा
सर, तुमच्यासारखे रसायनचे सर आमाले असते तर माझा बारावीचा निकाल असा लागला नसता 😄

भूलवाला_वर्धा
रसायनवाला सर, तुमचं म्हणणं पटतं आणि यातूनच रक्तवाहिन्यांच्या विषयात शिरता येतं.

जिथे कार्बन डायऑक्साईड साठलाय तिथे दम लागतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो. पण प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेलं तर तोच वायू काही मिनिटांत बेशुद्ध करतो आणि त्याहून जास्त असेल तर पायऱ्या चढायची सवडच मिळत नाही. प्रत्यक्षात दोन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात, ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर दोघांचाही हुकूम चालतो, पण कार्बन डायऑक्साईडचा जास्त चालतो. १९४८ मध्ये केटी आणि श्मिट या दोन शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला होता. १० टक्के ऑक्सिजनच्या हवेत प्रवाह साधारण ३५ टक्के वाढला, आणि ५ ते ७ टक्के कार्बन डायऑक्साईड मिसळलेल्या हवेत साधारण ७५ टक्के. रक्तातला कार्बन डायऑक्साईडचा दाब (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) १ मिलिमीटरने वाढला की मेंदूचा प्रवाह ३-४ टक्क्यांनी वाढतो, अगदी लगेच. ऑक्सिजनचं तसं नाही. त्याचा दाब ९०-१०० वरून ७० वर आला तरी मेंदूच्या वाहिन्या फारसं मनावर घेत नाहीत. ६०-५० च्या खाली गेला, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९० च्या खाली, की मग त्या भराभर रुंदावतात.

रुंदावतात कशा? मेंदूच्या पृष्ठभागावरच्या बारीक धमन्यांच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचं कडं असतं. ऑक्सिजन घटला की आजूबाजूच्या पेशींतून अ‍ॅडिनोसिन सुटतं, वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साईड सुटतं, स्नायूंतली पोटॅशियमची दारं उघडतात आणि कडं सैल पडतं. नळी १० टक्केच रुंद झाली तरी प्रवाह ४६ टक्क्यांच्या आसपास वाढू शकतो, कारण प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो (सर, हे तुम्ही वर्गात शिकवत असाल).

आता धुऱ्यावरचे भाऊ, तुमचा दुसरा प्रश्न. मेंदू सोय करतो तर माणूस वाचत का नाही. पाटाचं दार पूर्ण उघडलं, पण धरणातच पाणी नसेल तर वावरात काय येणार? वाहिन्या रुंद करून मेंदू जास्त रक्त ओढून घेतो, पण त्या रक्तात ऑक्सिजनच नसेल तर त्याचा उपयोग शून्य. ही सोय थोड्या कमतरतेसाठी आहे, हळूहळू आलेल्या कमतरतेसाठी आहे. न्यूमोनिया, दमा, उंच पहाड. आणि रुंदावायला वेळही लागतो. विहिरीत सगळा खेळ काही सेकंदांचा असतो.

रसायनवाला
धन्यवाद, आता चित्र स्पष्ट झालं. पाटाचं उदाहरण मी वर्गात वापरणार.

फौजी_बुलढाणा
जय हिंद. पहाडाचा विषय निघाला म्हणून लिहितो. नोकरीत लडाखमध्ये होतो. आमच्याकडं वर जायच्या आधी थांबावं लागते, पहिल्या टप्प्यात ६ दिवस, मग ४, मग अजून ४, त्याशिवाय वरच्या पोस्टवर पाठवत नाहीत. पहिले दोन दिवस तर नुसता आराम, पळापळ केली की ओरडा पडे. तरीही डोकं असं दुखायचं का वाटे कवटी फुटते का काय. आमच्या सोबतचा एक जवान, धडधाकट, कबड्डीचा गडी, रात्री उठून बुटाची नाडी बांधून राहिला होता अन् बांधताच येईना. झिंगल्यासारखा चाले. ड्यूटीवरच्या एनसीओनं (हवालदार-नाईक हुद्द्याच्या) ओळखलं, त्याच रात्री खाली उतरवला, म्हणून वाचला. डॉक्टरसाहेब, तिथं हवा तर मोकळी असते, इहिरीसारखी कोंडलेली नाही, मग डोक्यात काय होते?

वऱ्हाडी_पोट्टा
काका मी अन् मित्र बाईकनं खारदुंगला, म्हणजे लडाखमधल्या उंच खिंडीत, जायचा प्लॅन करून राहिलो होतो जुलैत. आता भेव दाखवू नका.

भूलवाला_वर्धा
फौजीकाका, हवा मोकळी असते पण दाब कमी असतो. ऑक्सिजन २१ टक्केच, पण साडेपाच हजार मीटरवर हवेचा एकूण दाब निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्मा. तिथे मेंदूच्या वाहिन्यांना दोन उलट हुकूम मिळतात. ऑक्सिजन कमी, म्हणून रुंद व्हा. आणि माणूस जोरजोरात श्वास घेतो त्याने कार्बन डायऑक्साईड उडून जातो, म्हणून आकसा. या ओढाताणीत कोण जिंकतं हे माणसागणिक बदलतं. १९६६ मध्ये सेव्हरिंगहॉस नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,८०० मीटरच्या आसपास मोजलं तेव्हा पहिल्या ६ ते १२ तासांत मेंदूचा रक्तप्रवाह २४ टक्के वाढलेला होता आणि ३ ते ५ दिवसांनी ती वाढ १३ टक्क्यांवर आली होती. तुमचे थांबायचे दिवस शरीराला हा हिशोब जमवायला दिलेले असतात.

तुमच्या कबड्डीच्या गड्याला झालं ते मेंदूला सूज येणं. वाहिन्या पूर्ण उघडल्या की रक्ताचा दाब पुढे बारीक केशवाहिन्यांवर जाऊन पडतो. त्यात ऑक्सिजनच्या कमतरतेने व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं, ते वाहिनीची भिंत झिरपती करतं. मेंदू आणि रक्त यांच्यात एक घट्ट पडदा असतो, तो गळायला लागतो, पाणी मेंदूत उतरतं. कवटी तर ताणत नाही. आधी डोकेदुखी, मग उलट्या, मग तोल जातो, मग बेशुद्धी. झिंगल्यासारखी चाल ही पहिली मोठी खूण, आणि उपाय एकच, रात्र असो का पाऊस, खाली आणणं. सोबत डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं औषध) आणि ऑक्सिजन देतात, पण खाली आणण्याच्या बदल्यात नाही. १९६२ च्या युद्धात आपले जवान सपाटीवरून थेट वर पाठवले गेले, त्यानंतर भारतीय लष्करी डॉक्टरांनी १,९२५ जवानांवरचे निरीक्षण १९६९ मध्ये छापलं, ते आजही जगभर वाचतात.

पोट्ट्या, जा की, पण लेहला विमानाने उतरला असशील तर दोन-तीन दिवस गुपचूप पड, डायमॉक्सचं (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरला विचार आणि डोकं दुखायला लागलं की वर चढू नको.

वऱ्हाडी_पोट्टा
जी. पडतो गुपचूप.

संत्रा_मंडी
वरुडवरून हजर. विषय जरा भलतीकडं नेतो, माफ करा. आमचे सासरे रात्री असे घोरतात का अख्ख्या वाड्याले समजते, मंग मधीच आवाज बंद, श्वासच बंद, आपण घड्याळ पाहत बसाव, मंग एकदम धसका देऊन सुरू. दिवसा पारावर बसल्या बसल्या डुलक्या. हेही ऑक्सिजन कमी होणंच आहे का? बीपी पण आहे त्यायले.

भूलवाला_वर्धा
भलतीकडे नाही, विषयातच आहे. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घसा मिटतो, ऑक्सिजन खाली जातो, कार्बन डायऑक्साईड वाढतो, मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, मग धसका बसून श्वास आला की पुन्हा आकसतात, बीपी उसळतं. हे एका रात्रीत कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. त्याने वाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, त्या कडक होतात, गरजेला रुंद व्हायची ताकद घटते. लकव्याचा धोका वाढतो. घोरणं बंद पडून धसक्याने श्वास येणं, दिवसा झोप, वर बीपी, एवढं असेल तर तपासायलाच हवं. झोपेची तपासणी होते आणि मास्कच्या मशीनने फरक पडतो.

संत्रा_मंडी
सासूबाईले दाखवला तुमचा प्रतिसाद. त्या म्हणतात मी तीस वर्षं झाली सांगून राहिली, आता डॉक्टरनं सांगितलं तर ऐकतीन. नागपूरले नेतो या महिन्यात.

झाडीपट्टी
मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहिते. सगळं वाचलं आणि मनात एकच आलं म्हणून विचारते. माझ्या मुलीला सिकलसेल आहे, लाल कार्ड आहे (म्हणजे नुसती वाहक नाही, आजारच आहे), सात वर्षांची आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला सिकलसेलमध्येच लकवा झाला, नऊ वर्षांचं लेकरू, उजवा हात गेला. डॉक्टर म्हणाले मेंदूची नस बंद झाली. लहान मुलाला लकवा कसा होतो? हे पण ऑक्सिजनमुळेच आहे का? माझ्या मुलीला होऊ नये म्हणून काय करता येईल? कोणी नीट सांगत नाही हो, दुखलं की सलाईन आणि गोळी, एवढंच.

भूलवाला_वर्धा
ताई, सगळं बाजूला ठेवून तुमचंच आधी लिहितो.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचा एक भाग बदललेला असतो. ऑक्सिजन धरून असतो तोवर ते ठीक वागतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते, कडक होते, अडकते. म्हणून ताप, न्यूमोनिया, पाणी कमी पिणं, थंडी, उंच पहाड, जिथे जिथे ऑक्सिजन कमी किंवा रक्त घट्ट, तिथे त्रास.

मेंदूत आणखी एक गोष्ट घडते. या मुलांचं हिमोग्लोबिन कायम कमी असतं. रक्तात ऑक्सिजन कमी म्हणून मेंदूच्या वाहिन्या रोजच रुंदावलेल्या, प्रवाह रोजच वाढलेला. म्हणजे संकटात वापरायची जी ताकद, ती आधीच खर्च होऊन बसलेली असते. ताप आला, हिमोग्लोबिन अजून पडलं तर वाहिनी आणखी किती रुंद होणार? शिवाय मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमन्यांतून रक्त वेगाने धावतं, कडक पेशी अस्तराला घासतात, अस्तर जाड होतं, धमनी आतून अरुंद होत जाते. मग एक दिवस लकवा.

चांगली गोष्ट ही की हे आधी कळतं. ट्रान्सक्रेनियल डॉप्लर (टीसीडी) नावाची तपासणी आहे, कानशिलावर सोनोग्राफीसारखा प्रोब ठेवून मेंदूच्या धमनीतला रक्ताचा वेग मोजतात. सुई नाही, दुखत नाही, किरणं नाहीत. धमनी अरुंद झाली की तिथे वेग वाढतो. सेकंदाला २०० सेंटीमीटर किंवा जास्त आला तर धोका मोठा, १७० ते १९९ आला तर लवकर परत तपासायचं. २ ते १६ वर्षांच्या सिकलसेलग्रस्त मुलांची ही तपासणी वर्षातून एकदा व्हावी. १९९८ मध्ये अमेरिकेत १३० मुलांवर प्रयोग झाला, ज्यांचा वेग वाढलेला होता त्यांतल्या अर्ध्यांना नियमित रक्त दिलं, त्यांच्यात लकव्याचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. पुढच्या अभ्यासात असंही दिसलं की वर्षभर तरी रक्त दिल्यावर, एमआरए तपासणीत (एमआरआय मशीनवर धमन्या पाहतात ती) धमन्या फार अरुंद झालेल्या नसतील तर, बऱ्याच मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू हायड्रॉक्सीयुरिया या गोळीवर आणता येतं. ही गोळी स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते, पण मनाने सुरू किंवा बंद करू नका, रक्ताच्या तपासण्या लागतात.

मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजला बालरोग विभागात न्या आणि "टीसीडी डॉप्लर कुठे होईल" असं सरळ विचारा. चिठ्ठीवर लिहूनच न्या.

आशाताई_चिमूर
डॉक्टरांनी लिहिलेलं मी प्रिंट काढून घेणार आहे. ताई, मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. आमच्या भागात गोंड, माडिया समाजात आणि बाकीच्याही समाजात सिकलसेल बरंच सापडतं. २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालली आहे. पण खरं सांगते, आमचं ट्रेनिंग सगळं दुखण्यावर आणि लग्नाआधी कार्ड जुळवण्यावर, मेंदूच्या डॉप्लरचं पहिल्यांदा इथेच वाचलं. ताई, लेकराला पाणी भरपूर पाजत जा, उन्हात खेळू देऊ नका, ताप आला की घरी वाट पाहू नका. आणि अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, प्रमाणपत्राचं विचारा.

सातपुड्याची_लेक
मी मेळघाटात शिक्षिका आहे. एक भर घालते. वर्गात सिकलसेलचं एखादं मूल आधी चांगलं वाचत असतं आणि मग हळूहळू मागे पडतं, लक्ष लागत नाही, पाढे विसरतं. आम्ही म्हणतो अभ्यास करत नाही. पण मेंदूत असे बारीक झटके येऊन जातात की हातपाय लुळे पडत नाहीत, कोणाला कळतही नाही, आणि शिकण्यावर परिणाम होतो. डॉक्टरसाहेब, बरोबर ना? मी आता अशा मुलांच्या पालकांना स्वतः जाऊन सांगते.

भूलवाला_वर्धा
अगदी बरोबर ताई. त्यांना मूक झटके म्हणतात, ते एमआरआयवरच दिसतात. शाळेतली घसरण ही कधीकधी एकमेव खूण असते. तुमच्यासारख्या शिक्षिका असल्या तर खूप मुलं वेळेत पोचतील.

कडूलिंब
डॉक्टर, माझ्या मैतराचं वर लिहिलं होतं. त्याच्या संगं दुसरा एक होता, तो काढला तेव्हा जिवंत होता. श्वास सुरू झाला, दवाखान्यात नेला, डोळे उघडले नाहीत, सात-आठ दिवसांनी तोही गेला. हवा तर भेटली होती न त्याले. मंग काऊन?

भूलवाला_वर्धा
काका, हा प्रश्न नातेवाईक मला आयसीयूच्या दारात विचारतात.

ऑक्सिजन परत आला म्हणजे मेंदूत रक्त परत नीट फिरलंच असं नाही. आधी थोडा वेळ प्रवाह गरजेपेक्षा जास्त होतो, वाहिन्या सैल पडलेल्या असतात. नंतर काही तास तो नेहमीपेक्षाही कमी होतो. केशवाहिन्यांवर पेरिसाईट नावाच्या पेशी गुंडाळलेल्या असतात. २०१४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की रक्तपुरवठा तुटला की त्या आवळतात आणि आवळलेल्या अवस्थेतच मरतात, म्हणजे केशवाहिनी चिमटल्यासारखी राहते, मोठी धमनी मोकळी झाली तरी. त्यात सूज येते. आठवण सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तर सगळ्यात आधी मरतो, म्हणून वाचलेल्या काहींना नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत. दवाखान्यात केलेले प्रयत्न कमी पडले असं मनात असेल तर ते काढून टाका. पहिल्या मिनिटांतच बरंचसं ठरून गेलेलं असतं.

कडूलिंब
हाव. इतके वर्षं वाटे का लवकर नेला नाही म्हणून गेला. बरं झालं सांगितलं.

रसायनवाला
कंदिलाबद्दल बोलायलाच हवं, कारण वर दोघांनी तो सुचवलाय आणि उद्या कोणी वाचून तेच करेल. ज्योत ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला की विझते, म्हणजे विझली तर उतरू नये हे नक्की. पण जळत राहिली म्हणजे हवा चांगली, हे चूक. कार्बन मोनॉक्साईडमध्ये कंदील आरामात जळतो. आणि मिथेन असेल तर उघड्या ज्योतीने भडका उडतो.

भूलवाला_वर्धा
सरांना पूर्ण अनुमोदन. पाणी खाली गेलं म्हणून डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणं ही आपल्याकडची जुनी सवय, ती सोडा. मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, म्हणून डोकं ठणकतं, पण रक्तातली जागाच अडवलेली असते. आणि ऑक्सिमीटर अशा माणसाचं ९८-९९ दाखवतो, त्याला चिकटलेलं काय आहे तो फरक कळत नाही. तो आकडा पाहून घरी पाठवू नका. काही जण बरे होऊन घरी येतात आणि दोन-तीन आठवड्यांनी विसराळू, चिडके होतात, चाल बिघडते. तेव्हा डॉक्टरला "गॅस लागला होता" हे आवर्जून सांगायचं.

धुऱ्यावरचा (दारव्हा)
मंडळी, काल रात्री मंदिरात बैठक घेतली. हा धागा वाचून दाखवला, अर्ध्या लोकायनं पहिल्यांदा ऐकलं का दुसरा माणूस उतरू नये. एक जण म्हणे डोळ्यासमोर भाऊ पडला तर कोण थांबते. सगळे चूप झाले. मी म्हटलं थांबायचं नाही, वरून ओढायचं, म्हणून दोर आधीच बांधायचा.
आता सांगा, गावात उफणणीचा पंखा आहे, तो काठावर लावला तर जमते का? अन् किती वेळ चालवाव?

फौजी_बुलढाणा
दोर कमरेले नाही, छातीले अन् मांड्यातून काढा, नाही तर ओढताना माणूस उलटा होते. झुला भेटला तर अजून चांगलं, रंगकाम करणाऱ्यायकडं असते. वर कमीत कमी तीन गडी अन् कप्पी. एकटा माणूस बेशुद्ध गडी ओढू शकत नाही.

भूलवाला_वर्धा
पंख्याची हवा तळापर्यंत पोचली पाहिजे, काठावरून फुंकली तर वरचीच हवा फिरते. पंख्याच्या तोंडाला जाड पॉलिथिनची मोठी नळी बांधून ती तळाच्या हातभर वर सोडा. पंखा विजेवरचा असेल तरच, डिझेलचा असेल तर त्याचा धूर खाली जाईल. किती वेळ, याला घड्याळ नाही, मीटर हवा. ऑक्सिजन, मोनॉक्साईड, हायड्रोजन सल्फाईड आणि जळणारे वायू एकत्र मोजणारा मीटर येतो, तालुक्याच्या अग्निशमनवाल्यांना किंवा जवळच्या कारखान्याला विचारा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी उतरायचं नाही. माणूस खाली असेपर्यंत पंखा चालूच ठेवायचा, गाळ ढवळला की अडकलेला वायू सुटतो.
वरच्या एकाने फक्त बोलत राहायचं, नाव विचारायचं, पाढे म्हणायला लावायचे. बोलणं अडखळलं की लगेच ओढायचं, "बरा आहे का" विचारत बसायचं नाही, तो बरा आहे असंच सांगेल. वर आणल्यावर श्वास नसेल तर छाती दाबणं सुरू करा, मिनिटाला १०० ते १२०, दोन इंच खोल, आणि १०८ ला फोन.

झाडीपट्टी
डॉक्टरसाहेब, विचारलं. आमच्या जिल्ह्यात होत नाही म्हणाले पण नागपूरला चिठ्ठी दिली, पुढच्या मंगळवारची तारीख आहे. त्या लकवा झालेल्या मुलाची लहान बहीण पण लाल कार्डवाली आहे, तिलाही सोबत नेते. मुलीला ताप असेल त्या दिवशी डॉप्लर केलं तर चालतं का?

भूलवाला_वर्धा
नको ताई. तापात वेग तसाही वाढलेला येतो. ताप उतरून, रक्त चढवलं असेल तर तेही तिथे सांगून मगच करा. दोघींना नेताय हे फार चांगलं केलंत.

धुऱ्यावरचा (दारव्हा)
पंखा विजेवरचाच आहे, नळीचं पॉलिथिन दारव्ह्यावरून आणतो. मीटरसाठी तालुक्याले फोन लावला, सोमवारी या म्हणतात. मीटर भेटेपर्यंत गाळाचं काम थांबवलं आहे.

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ ओढायले गडी कमी पडले तर सांगा, रविवारी आम्ही चौघं येतो.